पाहुण्यांना दाखवायचा माणूस

कारखान्यावर पाहुणे आले, की त्यांना दोन गोष्टी दाखवायची पद्धत पडली होती. आधी गव्हाण, म्हणजे गाडीतला ऊस जिथून यंत्राच्या पोटात शिरतो ती जागा. आणि मग गहिनीनाथ. गव्हाणीपाशी पाहुण्यांच्या कानठळ्या बसत आणि गहिनीनाथापाशी त्यांचे डोळे पाणावत. दोन्ही उरकलं, की मंडळी गेस्ट हाऊसवर जेवायला बसत. चेअरमनसाहेबांना हा क्रम पाठ होता आणि त्यात कोणी उलटसुलट केलेलं त्यांना खपत नसे.

राहुरी आणि नेवासा यांच्या मधल्या पट्ट्यातला हा कारखाना. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की माणसं गोष्ट सोडून चेअरमन कोण होता ते शोधत बसतात. शेतकऱ्यांनी शेअर घेऊन उभा केलेला कारखाना होता, एवढं पुरे. साखर निघायला लागली, मग शाळा निघाली, मग दवाखाना, मग मुलांचं वसतिगृह, आणि अलीकडे मुलींचंही. गहिनीनाथ याच कारखान्याच्या शिक्षण विभागात कारकून होता. वय तिशीच्या आतलं, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं पुस्तकी आणि सावकाश. पाथर्डीकडच्या ऊसतोड्याचा पोरगा बी.ए. होतो आणि पंख्याखाली खुर्चीत बसतो, हेच मुळी त्या काळात बघण्यासारखं होतं.

आणि आपली हकीकत तो सांगे मोठी सुरेख. आई लहानपणीच वारली. बाप सहादेव ऊस तोडायला याच कारखान्यावर येई. एके दिवशी नऊ-दहा वर्षांचा गहिनी रस्त्याच्या कडेला गाडीच्या जुवाशी बसला होता. शेजारून साखरेच्या पोत्यांचा ट्रक चालला. पोत्यांवरची अक्षरं पोरानं मोठ्यानं वाचली. मागून चेअरमनसाहेबांची जीप येत होती, ती थांबली. इथं गहिनीनाथही थांबे. मग हलक्या आवाजात म्हणे, "साहेब खाली उतरले आणि म्हणाले, आणखी वाच." तेवढ्यावर पाहुण्यांमधल्या एखाद्या बाईचा रुमाल बाहेर निघायचाच. त्याच दिवशी साहेबांनी त्याला जीपमध्ये घालून वसतिगृहात नेलं. पुढं नगरला कॉलेज, मग ही नोकरी. सगळं कारखान्यानं केलं. बोलून झालं की तो चेअरमनसाहेबांकडं बघून हात जोडी आणि साहेब "अरे, असू दे, असू दे" म्हणत.

सत्तर सालापासून पाहुण्यांमध्ये एक नवीन जात दिसू लागली. अभ्यासकांची. त्याआधी मंत्री यायचे, बँकेचे लोक यायचे, एखादा गोरा साहेब यायचा. आता उद्योगधंदे समाजासाठी काय करतात, यावर कॉलेजांमधून आणि संस्थांमधून लिहिण्याची टूम निघाली होती, आणि साखर कारखान्यांइतका हातचा विषय दुसरा कुठं मिळणार? पहिले आले ते पुण्याचे एक वयस्क प्राध्यापक. धोतर, कोट, खिशाला दोन पेनं. त्यांना एकच प्रश्न होता: किती? शाळेवर किती, दवाखान्यावर किती, रस्त्यावर किती. आकडा मिळाला की ते लहान मुलासारखे खूश होत. पुढच्या वर्षी मुंबईहून एक जण आले. यांना किती घातलं याच्याशी कर्तव्य नव्हतं. यांचा प्रश्न: त्यातून कारखान्याला मिळालं काय? शाळा काढली म्हणून शेतकरी ऊस दुसरीकडं घालायचा थांबला का? दवाखान्यामुळं कामगार संप करत नाही, असं म्हणता येईल का? ते पाइप ओढत आणि विझला की पुन्हा पेटवत, आणि त्यांचा निम्मा दिवस त्यातच जाई.

गंमत अशी, की प्रश्न बदलत गेले तरी गहिनीनाथाची हकीकत दोघांनाही चालली. प्राध्यापकांना तो खर्चाचा पुरावा वाटला, मुंबईकरांना फायद्याचा. तोच शर्ट, तीच पोती, तीच जीप.

फक्त प्राध्यापकांच्या वेळी एक गोष्ट घडली होती. गेस्ट हाऊसवर चहा चालू होता, पुढ्यात लाडू-चिवड्याच्या बशा होत्या, शेजारी चेअरमनसाहेब बसलेले. प्राध्यापकांनी सहज विचारलं, "तुमच्यासारखी ऊसतोडणीवाल्यांची आणखी मुलं आहेत का हो वसतिगृहात?"

नव्हती. वसतिगृह सभासदांच्या आणि कायम कामगारांच्या मुलांसाठी होतं. गहिनीनाथ हा साहेबांच्या एका दिवसाच्या लहरीचा मुलगा होता. तो नियम नव्हता. पण आपल्याकडं परक्या माणसासमोर, त्यातून यजमानाच्या बशीतला लाडू हातात असताना, घरातलं उणं कोण काढतो? सासरी नांदणारी लेक माहेरहून आलेल्या पाहुण्यांपुढं सासूला नावं ठेवते का? खाल्ल्या मिठाला जागणं रक्तात भिनलेलं. गहिनीनाथ म्हणाला, "आहेत की."

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. चेअरमनसाहेबांनी लाडूची बशी गहिनीनाथाकडं सरकवली. झालं एवढंच. पण त्या रात्रीपासून गहिनीनाथाला आपली हकीकत थोडी लागायला लागली. नव्या चपलेचा अंगठा लागतो तशी. चालता येतं, पण विसरता येत नाही.

कारण हकीकतीत आणखी एक माणूस होतं, आणि ते त्यानं कधीच सांगितलं नव्हतं. थोरली बहीण, आक्काबाई.

ऊसतोडणीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दोन माणसं मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट काढून साळायचं, बांधायचं, आणि मोळी दोघांनी मिळून गाडीवर चढवायची. बहुतेक करून नवरा-बायको. मुकादम आगाऊ उचल देतो ती अख्ख्या कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी दारात उभं करत नाही. आई वारल्यावर सहादेवाचा कोयता अर्धा झाला होता. दोन पोरं होती, त्यातलं एक जोडीला लागणार होतं, एवढं त्या घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

ट्रक शेजारून गेला तेव्हा जुवाशी दोघं बसली होती. पोत्यांवरची अक्षरं आधी आक्कानं वाचली होती. तीच चौथीपर्यंत शिकलेली. गहिनीला अक्षरं तिनंच धुळीत काढून शिकवलेली. तो तिच्या मागून ओरडला, एवढंच; पण त्याचा आवाज मोठा होता. जीप थांबली, साहेब उतरले, दोघांकडं बघून सहादेवाला म्हणाले, "यातलं एक मला दे. शिकवतो." सहादेव पागोटं हातात घेऊन उभा राहिला. कोणतं द्यावं हे त्याला सुचेना. तेव्हा आक्का म्हणाली, "गहिनीला न्या. मोळी त्याच्यानं उचलत न्हाई, माझ्यानं उचलती."

तिचं वय तेव्हा बारा-तेरा. म्हणजे कारखान्यानं खाट दिली, पुस्तकं दिली, फी भरली, हे सगळं खरं. आणि अर्धा कोयता आक्कानं दिला, हेही तितकंच खरं. पहिल्यांदा कोणीतरी गहिनीनाथाला विचारलं होतं, "कारखान्यानं तुझ्यासाठी काय काय केलं?" त्यानं तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. त्यात आक्का बसत नव्हती. दुसऱ्या वेळी तीच हकीकत पुन्हा सांगितली. मग ती घट्ट बसली, आणि आक्का बाहेरच राहिली.

बाहेर म्हणजे फार लांब नाही. आक्काबाईचं लग्न गोरक्ष नावाच्या तोडणीवाल्याशी झालं आणि दोघांचा मिळून कोयता झाला. दसरा झाला की त्यांची टोळी याच कारखान्यावर येई. कारखान्याच्या मागं पाटाच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडत, त्यांत तिची एक. गहिनीनाथाच्या क्वार्टरपासून ती सायकलवर अर्ध्या घटकेच्या वाटेवर होती. लग्नाआधी तो भाऊबीजेला तिच्याकडं जायचा. लग्न झालं, बायको राहुरीच्या मास्तरांची मुलगी, सासरची माणसं येऊन-जाऊन असायची. तेव्हापासून त्याचं जाणं बंद झालं. कोणी बंद करायला सांगितलं नव्हतं. बायको बिचारी भली बाई, तिला त्यानं आपल्याला बहीण आहे हेच सांगितलेलं नव्हतं. तो स्वतःच कोपीच्या वाटेनं जायचा टाळू लागला, आणि टाळणं एकदा अंगवळणी पडलं की त्याला कारण लागत नाही.

बाहत्तर साली, संक्रांत झाल्यावर, बाजाराच्या दिवशी आक्काबाईनं त्याला तेलाच्या दुकानापाशी गाठलं. तिनं आधी इकडं-तिकडं बघितलं, कोणी ओळखीचं नाही याची खात्री केली, मग जवळ आली. ही खबरदारी ती घेत होती, तो नाही. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरा हायेस का?"

"बरा आहे. तू? दाजी?"

"त्यांचं न्हाई बरं. गाडीचं चाक कमरंवर आलं. कोपीत पडून हायेत." तिनं पदर सारखा केला. "राही हाय संग. मोळी बांधती, उचलती. अकरावं लागलं तिला. हुशार हाय रं गहिनी. दिसंल ते वाचती."

गहिनीनाथाला पुढचं काय येणार ते कळलं.

"म्या म्हनलं, पोरींचं बोर्डिंग झालंय नव्हं आता? तू आत हायेस. येक शबुद टाक. येकदा का ती कोयत्याला जोडली ना, मंग सुटत न्हाई बग. तुला काय सांगू?"

"मग तू काय करशील? अर्ध्या कोयत्यावर?"

"माझं म्या बगीन की. मुकादमाचं पाय धरीन, दुसऱ्या कुनाची बांधनी करीन. तुज्या घरी ठिव आसं म्हनत न्हाई म्या. तुला आडचन व्हती, ठावं हाय मला. फकस्त बोर्डिंगात."

ती न रागावता हे बोलली. आपल्यामुळं त्याची अडचण होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ते आपल्या आपण ओळखलं आणि आपल्या आपण माफही करून टाकलं होतं. गहिनीनाथ "बघतो" म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघाला. तेल घ्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी तो उत्तमरावांकडं गेला. उत्तमराव शिक्षण विभागाचे प्रमुख, म्हणजे त्याचे साहेब. माणूस वाईट नाही. पान खाणारा, हसरा, नियमावर बोट ठेवून जगणारा. गहिनीनाथ म्हणाला, तोडणीवाल्यांमधली एक हुशार मुलगी आहे, तिला वसतिगृहात घेता येईल का? आपली भाची आहे, हे तो बोलला नाही. ओठांपर्यंत आलं होतं. तिथून परत गेलं.

"नियमात बसत नाही रे," उत्तमराव म्हणाले. "आणि गहिनीनाथ, त्या लोकांसाठी आपण करतोच आहोत की. हे बघ." त्यांनी टेबलाच्या खणातून एक मासिक काढलं. पुण्याच्या प्राध्यापकांचा लेख होता, खुणेला कागद घातलेला. ‘बाहेरून येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांनाही कारखान्याने शिक्षणाची सोय उपलब्ध करून दिली आहे,’ असं त्यात स्वच्छ छापलं होतं. "मागच्या सभेत एका सभासदानं हाच विषय काढला होता. साहेबांनी हे वाचून दाखवलं. विषय मिटला. आता तूच पुन्हा काढतोस?"

गहिनीनाथानं ते वाक्य वाचलं. वाक्य प्राध्यापकांचं होतं, पण खालचा पाया त्याचा होता, एका लाडवाच्या बशीपुढं म्हटलेलं "आहेत की." त्या दोन शब्दांनी दार लागलं होतं, आणि आत जायला उभी होती ती त्याची सख्खी भाची. तो "बरोबर आहे साहेब" म्हणाला आणि आपल्या खुर्चीत येऊन बसला. त्या दिवशी त्यानं काय काम केलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घरी बायकोनं विचारलं, जेवला का नाहीत? तो तिच्यावरच खेकसला. मग त्याचीही लाज वाटली. पुढच्या बाजाराला तो गेलाच नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिला, आणि आक्का तेलाच्या दुकानापाशी उभी असेल, हे त्याला छताकडं बघताना सारखं दिसत राहिलं.

तशातच पुण्याहून प्रभा नातू आल्या. तिशीच्या बाई, खादीची साडी, खांद्याला शबनम पिशवी, चालणं भरभर. त्यांचाही विषय तोच, उद्योगांनी समाजात घातलेल्या पैशाचा. पण त्यांनी गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसल्या बसल्याच उत्तमरावांना सांगून टाकलं, की आपल्याला आकडे नकोत. "आधीच्यांनी कारखान्यानं किती घातलं ते मोजलं. मग कारखान्याला काय मिळालं ते मोजलं. आता आमच्याकडं काही जणांना वाटतं, की हे ज्यांच्यासाठी केलं म्हणतात, त्यांच्या बाजूनं बघावं. कोणाला मिळालं, कोण राहिलं." उत्तमरावांना यातलं फारसं पटलं नाही. त्यांनी पद्धतीप्रमाणं गहिनीनाथाला पुढं केलं.

गहिनीनाथानं हकीकत सांगितली. बाईंनी रुमाल काढला नाही. पोती झाली, जीप झाली, कॉलेज झालं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही वसतिगृहात गेलात, तेव्हा घरातलं काम कोणावर पडलं?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तमराव शेजारी पान लावत होते.

"कोणावर नाही," तो म्हणाला. "वडील होते. ते वारले. आता माझ्या रक्ताचं असं कोणी नाही."

बाईंनी त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि विषय सोडून दिला. त्यांना तोडणी चालू असलेला एखादा फड बघायचा होता, तिथल्या बायकांशी बोलायचं होतं. उत्तमराव म्हणाले, गहिनीनाथ नेईल, त्याला त्यांची बोली येते.

आक्काची टोळी त्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला तोडतेय, हे गहिनीनाथाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं जीप बरोबर उलट्या दिशेला, वरच्या वस्तीच्या फडाकडं वळवायला लावली. आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. पण खालचा फड आदल्या दिवशी संध्याकाळीच संपला होता आणि मुकादमानं टोळी वर आणली होती. गहिनीनाथ उसाच्या सरींतून पुढं झाला आणि जी पहिली बाई वाकलेली दिसली, तिला त्यानं पाठीवरूनच ओळखलं. बाजूला एक काळीसावळी, डोक्याला फडकं बांधलेली पोर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, वेठ पिळून मोळी आवळत होती.

"बाई, जरा बोलायचं होतं," प्रभाताई म्हणाल्या. "कामाचा खोळंबा नाही ना होत?"

आक्काबाईनं वर बघितलं. आधी बाईंकडं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या भावाकडं. तिचा चेहरा हलला नाही. "बोला की," ती म्हणाली. "हात चालूच ऱ्हाईल माझा."

"ही मुलगी तुमची? शाळेत जाते?"

"व्हय, राही. गावाकडं आसतो तवर जाती. हितं आलं की सुटती."

"मग कारखान्याच्या वसतिगृहात का नाही ठेवत? तुमच्या लोकांची मुलं तिथं आहेत, असं मी वाचलंय."

"आमची?" आक्काबाई म्हणाली. "न्हाई वो. येक पोरगा हुता म्हनत्यात. लई वर्सं झाली."

"त्याला तुम्ही ओळखता?"

"मोठा मानूस झाला त्यो. मोठ्या मान्सांना आमी लांबनंच वळखायचं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गहिनीनाथानं सोसला असता, उलट त्याला जरा मोकळं वाटलं असतं. पण तिचा आवाज साधा होता. त्याला कसं आडोशाला ठेवता येईल, एवढीच तिला काळजी.

"कारखान्यात तुमच्या नात्यागोत्याचं कोणी आहे?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," आक्काबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली. "हितं कोन आसायचं आमचं?"

सकाळी तो जे बोलला होता तेच. त्यानं स्वतःसाठी केलेलं खोटं बहीण त्याच्यासाठी करत होती, आणि तेही इतक्या सहज, की वर्षानुवर्षांचा सराव असावा. बाई लिहीत होत्या.

"ते लिहू नका," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली.

"ही माझी बहीण आहे. सख्खी. थोरली."

"काय बी काय बोलता साहेब!" आक्काबाई ताडकन उभी राहिली. "बाई, ऊन लागलंय त्यास्नी. आमचं कुटलं नातं?"

"आक्का, गप."

आणि मग तो बोलत सुटला. या वेळी त्यात कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे काही नव्हतं. मागचं पुढं, पुढचं मागं. पोती आधी हिनं वाचली. मोळी हिनं उचलली. वसतिगृहात आमच्यापैकी एकही मूल नाही, मी एकटाच होतो, आणि प्राध्यापकांना मीच ‘आहेत’ म्हणून सांगितलं, आणि आता तेच वाचून दाखवून हिच्या पोरीला नाही म्हणतात. हिला मी रस्त्यात ओळख देत नाही. माझ्या बायकोला ही ठाऊक नाही. बोलताना शर्टाच्या बाहीनं तो तोंड पुसत होता आणि इस्त्रीचं त्याला भान नव्हतं. आक्काबाई एका हातात कोयता धरून, दुसऱ्या हातानं तोंडाला पदर लावून उभी होती. "नोकरी जाईल रं तुजी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नोकरी गेली नाही. संध्याकाळी त्यानं उत्तमरावांनाही हे सगळं सांगितलं आणि चेअरमनसाहेबांच्या कानावर गेल्यावर पाहुण्यांना गहिनीनाथ दाखवणं बंद झालं. नुसती गव्हाण दाखवायचे आणि जेवायला घालायचे. प्रभाताईंचा लेख पुढं छापून आला. त्यांनी नावं गाळली होती, पण कारखान्यात सगळ्यांना समजलं. त्या सालापासून दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, ऊस वाळला, टोळ्या खडी फोडायला गेल्या, आणि लेखाबिखाकडं बघायला कोणाला सवड नव्हती. नंतर कधीतरी सभेत तो विषय पुन्हा निघाला आणि वसतिगृहाचा नियम बदलला. तोडणीवाल्यांची मुलं आली, मुलीही आल्या. गहिनीनाथ त्यांची नावं घालून घेताना हजर असे. राहीला त्याचा उपयोग झाला नाही. तोवर तिचं लग्न लावून दिलं होतं, आणि तिचा नि तिच्या नवऱ्याचा मिळून वेगळा कोयता झाला होता.

तरी ते टळलं असतं, असं गहिनीनाथाला पुढं जन्मभर वाटत राहिलं. कारण त्या दुपारी फडात, बोलून बोलून थकल्यावर, तो राहीसमोर खाली बसला होता. म्हणाला, "राही, मी तुझा मामा. बोर्डिंग राहू दे. माझ्या घरी चल. आजच चल. उद्या शाळेत नाव घालतो."

राहीनं आईकडं बघितलं. खरंच मामा का, असं ते बघणं होतं. आक्काबाईनं पदराआडून मान हलवली आणि म्हणाली, "जा. जा तू." प्रभाताई पेन मिटून बाजूला झाल्या होत्या. जीपच्या ड्रायव्हरनं लांबून हॉर्न वाजवला. पोरीनं मामाच्या शर्टाकडं बघितलं, जीपकडं बघितलं, मग पायापाशी पडलेल्या मोळीकडं. तिच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. जे अडलं तेच तिनं विचारलं.

"मंग आईसंगं मोळी कोन उचलंल?"

गहिनीनाथानं मोळीकडं बघितलं, मग जीपकडं. तिच्याच वयाचा असताना तो याच कारखान्याच्या रस्त्यावर जीपमध्ये चढला होता. पुढच्या सीटवर बसायला मिळेल का, एवढाच प्रश्न त्याला त्या दिवशी पडला होता. राही उत्तराची वाट बघत उभी राहिली.